ऑलिम्पिकमधील भूतान : दिलेली जागा आणि मिळवलेली जागा

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत खेळावर भाषण, हे ऐकून काहींना नवल वाटले असेल. बौद्ध राष्ट्रांविषयी आपण बोलतो तेव्हा बहुधा स्तूप, विहार, लेणी आणि ग्रंथ यांविषयी बोलतो. त्या देशांतली आजची माणसे काय करतात, कशात हरतात, कशात जिंकतात, याची चौकशी आपण फारशी करीत नाही. म्हणून मी आज भूतानविषयी आणि त्यातही भूतानच्या ऑलिम्पिकमधील सहभागाविषयी बोलणार आहे. भूतानने एकही ऑलिम्पिक पदक मिळवलेले नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी पदक निघेल या आशेने कोणी बसून राहायला नको.

भूतान केवढा? महाराष्ट्रात सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा सिंधुदुर्ग. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आसपास होती. भूतानची लोकसंख्या त्याहूनही कमी, आठ लाखांच्या आत. १९५० च्या दशकात तिसरे राजे जिग्मे दोरजी वांगचुक यांच्या कारकिर्दीत तेथील दास्यप्रथा कायद्याने बंद झाली. मोटारीचा पहिला रस्ता त्यानंतर, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. दूरदर्शन संच घरात आले ते १९९९ साली. १९७१ मध्ये भूतान संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि त्याच वर्षी धनुर्विद्या हा राष्ट्रीय खेळ ठरला. राष्ट्रांच्या पंगतीत बसायला जाताना आपले म्हणून काहीतरी हातात असावे, असा त्यामागचा विचार असावा.

या देशाचा गौरव आपण डोळे झाकून करू नये, हेही येथेच बोलून घेतो. १९९० नंतर दक्षिण भूतानमधील सुमारे एक लाख नेपाळीभाषक लोकांना देश सोडावा लागला. पूर्व नेपाळमधील छावण्यांत त्यांची एक पिढी वाढली आणि २००७ नंतर त्यांतील बहुसंख्य लोक अमेरिकेत व अन्य देशांत नेऊन वसवले गेले. बुद्धाचे नाव घेणाऱ्या राज्यात हे घडले. राष्ट्र म्हणून कोणाला मोजायचे आणि कोणाला वगळायचे, हा प्रश्न ज्यांच्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेरून पाहिला आहे, त्यांनी तरी हे विसरता कामा नये. पण म्हणून त्या देशाच्या एखाद्या मुलीने हातात धनुष्य घेतले त्याचे मोल कमी होत नाही.

आता धनुष्याकडे येऊ. भूतानी लोकांची तिरंदाजी पाहण्यासारखी असते. मैदानाच्या दोन्ही टोकांना एकेक लाकडी फळी रोवलेली, आणि दोन फळ्यांमधले अंतर सुमारे १४५ मीटर. धनुष्य बांबूचे. फळी इतकी अरुंद, की एवढ्या अंतरावरून ती नीट दिसणेही कठीण. बाण लागला की फळीजवळ उभे असलेले खेळाडू गाणे म्हणत फेर धरतात, चुकला तर समोरच्या बाजूचे लोक चेष्टा करतात. सामन्याआधी ज्योतिषाला विचारण्याची रीतही आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या तुम्हां-आम्हांला ती पटणार नाही, पण आहे ती आहे. आणखी एक रीत आपण लक्षात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. धनुष्य हे पुरुषांचे मानले जाई. बायकांनी कडेला उभे राहून नाचावे, गावे आणि प्रतिपक्षाची थट्टा करावी, एवढेच त्यांचे काम.

धनुर्विद्या ही बौद्ध वाङ्मयाला परकी नाही. धम्मपदातील चित्तवग्गाच्या आरंभीच बाण सरळ करणाऱ्या कारागिराची उपमा येते, हे येथील उपासकांना ठाऊक आहे. मात्र उपमेतला बाण आणि ऑलिम्पिकमधला बाण यांत अंतर आहे, आणि भूतानला ते मोजून पार करावे लागले.

१९८३ मध्ये भूतानची ऑलिम्पिक समिती स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी लॉस एंजेलिसला भूतानचे पथक गेले, त्यात सहा तिरंदाज होते, तीन पुरुष आणि तीन स्त्रिया. ज्या देशात बाईने धनुष्याला हात लावू नये असा रिवाज, त्या देशाने पहिल्याच ऑलिम्पिकला तीन स्त्रिया धनुष्य घेऊन पाठवल्या. मला विचाराल तर भूतानच्या ऑलिम्पिकमधील सगळ्या इतिहासात यापेक्षा मोठी घटना नाही. हे शहाणपण राजदरबाराला सुचले की स्त्रियांच्या स्पर्धा आहेतच तर भरा, असा व्यवहार झाला, त्याच्या खोलात आपण शिरायला नको. जागा होती, म्हणून बाई उभी राहिली. जागा नसती तर ती कडेला उभी राहून गातच राहिली असती.

लॉस एंजेलिसला आणि त्यानंतरही भूतानचे धनुर्धर खालच्या क्रमांकावर राहिले. असे का व्हावे? जो देश पिढ्यान् पिढ्या बाण मारतो आहे, त्याला येथे तरी यश मिळायला नको काय? उत्तर साधे आहे. घरचा खेळ १४५ मीटरवर, बांबूच्या धनुष्याने, अंदाजाने आणि उमेदीने खेळण्याचा. ऑलिम्पिकमधला आजचा खेळ ७० मीटरवर, १२२ सेंटिमीटर व्यासाच्या कागदी निशाणावर, आणि त्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम सव्वाबारा सेंटिमीटरचे. धनुष्य रिकर्व्ह जातीचे, त्याला नेम धरण्याची खूण, तोल राखणाऱ्या दांड्या, दोरी किती ताणली हे सांगणारी पट्टी. तेथे प्रत्येक बाण आधीच्या बाणासारखाच सुटला पाहिजे. मल्लखांबात तरबेज असलेला मुलगा ऑलिम्पिकच्या जिम्नॅस्टिक्समध्ये गेला तर त्याला जसे सारे पुन्हा शिकावे लागेल, तसेच हे. परंपरा आहे म्हणून यश मिळेल, ही समजूत आपल्याकडेही पुष्कळ आहे. परंपरेने आवड मिळते. तंत्र मात्र शिक्षक, साधने आणि रोजचा सराव यांनीच येते, आणि त्याला पैसा लागतो.

येथे लोक म्हणतात, लहान देश आहे, त्याचे काय होणार. हे म्हणणे तपासून पाहू. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांची १०० मीटर शर्यत जिंकली ती सेंट लुसियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने, आणि तिहेरी उडीचे सुवर्ण मिळवले डॉमिनिकाच्या थिया लाफाँडने. ही दोन्ही बेटे लोकसंख्येने भूतानपेक्षा कितीतरी लहान. सुमारे ३४ हजार वस्तीच्या सॅन मरिनोने टोकियोत तीन पदके नेली. उलट आपला शेजारी बांगलादेश, लोकसंख्या सतरा कोटींच्या घरात, आणि आजवर ऑलिम्पिक पदक एकही नाही. श्रीलंकेला दोन मिळाली. एक डंकन व्हाइटचे, १९४८ साली लंडनला, ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत, देश स्वतंत्र होऊन सहा महिने झाले होते तेव्हा. दुसरे सुसंतिका जयसिंघेचे, २००० साली सिडनीत २०० मीटरमध्ये. तेव्हा डोकी मोजून यश सांगता येत नाही. पोट भरलेले आहे काय, शाळेत मैदान आहे काय, मैदानावर शिक्षक आहे काय आणि त्या मैदानावर सर्वांना पाय ठेवता येतो काय, यावर बरेच अवलंबून असते.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. भूतानचे खेळाडू ऑलिम्पिकला जातात कसे? आज ऑलिम्पिक चळवळीत २०६ राष्ट्रीय समित्या आहेत. केवळ पात्रतेच्या कसोटीवर निवड केली तर त्यांतल्या कित्येकांना उद्घाटनाच्या संचलनात पाठवायला माणूसच उरणार नाही. म्हणून नियमांत तरतूद केलेली आहे. तिला सार्वत्रिकतेच्या जागा म्हणतात. तिरंदाजी, नेमबाजी, ज्यूदो अशा खेळांत काही थोड्या जागा लहान पथकांच्या देशांसाठी बाजूला काढून निमंत्रणाने दिल्या जातात. धावण्याच्या आणि पोहण्याच्या शर्यतींत, ज्या देशाचे कोणीच पात्र ठरले नाही, त्याला मर्यादित प्रवेश मिळतो. भूतानचे खेळाडू वर्षानुवर्षे अशाच वाटेने जात आले. २०१२ पर्यंत तिरंदाजी हा भूतानचा ऑलिम्पिकमधला एकमेव खेळ होता, लंडनला त्यात नेमबाजीची भर पडली, आणि टोकियोत ज्यूदो व पोहणे आले.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमचे कान टवकारले असतील. बाजूला काढलेली जागा! हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. महाविद्यालयात प्रवेश मिळाला, कचेरीत नेमणूक झाली, की कोणीतरी हसत हसत म्हणतो, तुमचे काय बुवा, तुमची जागा आधीच ठरलेली. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते ऐकले असेल. दोन गोष्टी अगदी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. ऑलिम्पिकमधली जागा ही सर्व राष्ट्रे मैदानावर दिसावीत म्हणून दिलेली आहे. आपल्या संविधानातली जागा ही शतकानुशतके दार बंद ठेवले त्याचा विचार करून, राज्यकारभारात पुरेसे प्रतिनिधित्व मिळावे म्हणून ठेवलेली आहे. अनुच्छेद १६(४) मध्ये शब्द प्रतिनिधित्वाचाच आहे. बाबासाहेबांनी मागितला तो वाटा, दान नव्हे. तरी दोन्हींमध्ये एक साम्य आहे आणि ते थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. जागा दिली म्हणून निशाण जवळ आणत नाहीत. निमंत्रणाने आलेल्या भूतानी मुलीला पन्नास मीटरवरून आणि कोरियाच्या मुलीला सत्तर मीटरवरून, असे कोठेही होत नाही. आरक्षणातून वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या मुलाची शेवटच्या वर्षाची उत्तरपत्रिका तपासताना उत्तीर्णतेची रेघ खाली ओढतात काय? दाराशी जे काही घडले ते दाराशी. आत प्रश्नपत्रिका एकच.

शब्दाचीही एक गंमत सांगतो. ऑलिम्पिकच्या भाषेत, पात्रता स्पर्धा जिंकून मिळवलेल्या जागेलासुद्धा ‘कोटा’च म्हणतात. आपली वर्तमानपत्रे अभिमानाने छापतात, भारताने नेमबाजीत आणखी एक कोटा मिळवला. तेथे त्या शब्दाला हार घालतात. तोच शब्द आपल्या मुलांच्या बाबतीत उच्चारताना आवाज का बदलतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

अशा जागेवरून आलेल्याला हसण्याचा जगातला सर्वांत गाजलेला प्रसंग सिडनीचा. २००० साली विषुववृत्तीय गिनी या आफ्रिकी देशाचा एरिक मुसांबानी १०० मीटर पोहायला उतरला. त्याच्या फेरीतले दुसरे दोघे आधीच उडी मारल्याने बाद झाले, म्हणून तो एकटाच पोहला. पोहणे शिकून त्याला वर्षही झाले नव्हते, आणि पन्नास मीटरचा तलाव त्याने तेथे येईपर्यंत पाहिलेला नव्हता. वेळ लागला १ मिनिट ५२.७२ सेकंद. अखेरची काही मीटर तो बुडतो की काय असे वाटत होते. जग हसले, आणि टाळ्याही वाजवल्या. पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. त्याने सराव चालू ठेवला, आपला वेळ एक मिनिटाच्या आत आणला, आणि पुढे तो आपल्या देशाच्या जलतरण संघाचा प्रशिक्षक झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांविषयीही माझे थोडे वेगळे मत आहे. त्या टाळ्यांत कौतुक होते तशी कीवही होती. मुसांबानीला टाळ्यांपेक्षा सिडनीच्या आधी पन्नास मीटरचा तलाव मिळाला असता तर बरे झाले असते. संधी दिली आणि तयारीची साधने दिली नाहीत, तर ती संधी माणसाला चारचौघांत उघडे पाडते. आपल्या वसतिगृहांची आणि शिष्यवृत्त्यांची स्थिती ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे अधिक फोडून सांगायला नको.

भूतानकडे परत येऊ. वीस वर्षे हरल्यावर २००४ मध्ये अथेन्सला त्सेरिंग चोदेन या स्त्री तिरंदाजाने आपली पहिली लढत जिंकली. पुढच्या फेरीत ती हरली. एक लढत, एवढेच. पण इतकी वर्षे दुसऱ्या फेरीकडे डोळे लावून बसलेल्या देशाला ते केवढे वाटले असेल!

त्यानंतर कर्मा. हे तिचे पूर्ण नाव, एकच शब्द. भूतानमध्ये आडनाव लावण्याची रीत सर्रास नाही. (माणसाचे आडनाव ऐकून त्याची जात काढणाऱ्या आपल्या समाजाला ही रीत परवडेल काय, कोण जाणे.) कर्मा २०१६ मध्ये रिओला गेली ती निमंत्रणाच्या जागेवर. पहिल्याच फेरीत हरली. घरी येऊन पुन्हा सरावाला लागली. नोव्हेंबर २०१९ मध्ये बँकॉकला आशियाची पात्रता स्पर्धा झाली, तीत तिने टोकियोची जागा जिंकून घेतली. कोणी दिलेली नव्हे, बाण मारून मिळवलेली. अशी थेट पात्र ठरलेली ती भूतानची पहिलीच खेळाडू. पहिल्या सहा जणांच्या लॉस एंजेलिसपासून मोजले तर त्याला पस्तीस वर्षे लागली.

ही पस्तीस वर्षे फुकट गेली असे म्हणणारे हिशेबी लोक असतात. त्यांना माझा प्रश्न एवढाच, की मधली दिलेली जागा नसती तर कर्मा कोणाकडे पाहून शिकली असती? रिओला न जाता ती बँकॉकला जिंकली असती काय? मोठ्या मैदानावरचा वारा, घड्याळाचे वीस सेकंद, हजारो डोळे, हे सारे तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

टोकियोचे ऑलिम्पिक महासाथीमुळे २०२१ मध्ये झाले. कर्माची पहिलीच लढत आपल्या दीपिका कुमारीशी पडली. रांचीजवळच्या गावातली, रिक्षाचालकाची ही मुलगी तेव्हा जगात अग्रस्थानी होती. २८ जुलैला दीपिकाने ती लढत ६-० अशी जिंकली. आपल्या वर्तमानपत्रांत आले की दीपिका सहज जिंकली. कर्माविषयी ओळ नव्हती. त्याच दिवशी, त्याच मैदानावर आपल्या फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधवही बाण मारीत होता. आईवडील शेतमजूर, पहिले धडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली, पुढे शासनाची क्रीडा प्रबोधिनी. त्याने पहिली लढत ६-० जिंकली आणि दुसरी अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून ६-० गमावली. दीपिका, प्रवीण आणि कर्मा या तिघांना मी मनाने एकाच रांगेत उभे करतो. तिघांच्याही मागे कोणीतरी वेळेवर उघडलेले एक दार आहे.

शेवटची गोष्ट किनझांग ल्हामो हिची. ११ ऑगस्ट २०२४, पॅरिसला स्त्रियांची मॅरेथॉन. ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतर आणि वाट चढउतारांची. ही वाट मुद्दाम आखली होती. १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये भाकरीसाठी पॅरिसच्या बाजारातल्या बायका राजाच्या दारी व्हर्सायला चालत गेल्या, त्याची ती आठवण. आणि लक्षात घ्या, ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना मॅरेथॉन धावू दिली ती प्रथम १९८४ मध्ये, त्याच लॉस एंजेलिसला. तोवर बाईला एवढे अंतर झेपणार नाही असे शहाणी माणसे सांगत असत.

हॉलंडची सिफान हसन २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत पहिली आली. किनझांग सार्वत्रिकतेच्या जागेवर आलेली. ती एकटी मागे राहिली. पदके ठरून तास उलटला तरी ती धावत होती, मधूनच चालत होती, पुन्हा धावत होती. रस्त्याकडेचे लोक घरी गेले नाहीत. काही तिच्याबरोबर कडेकडेने पळू लागले, काही सायकलवरून साथ देऊ लागले. तिने ३ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत रेघ ओलांडली. क्रमांक ऐंशीवा, म्हणजे शेवटचा. तिच्याहून वेगवान असलेल्या काही जणींनी शर्यत अर्ध्यात सोडली होती. त्यांची नावे निकालपत्रात क्रमांकाशिवाय लागली.

मंडळाच्या अभ्यासिकेत जी मुले स्पर्धा परीक्षेचा तिसरा, चौथा प्रयत्न करीत आहेत, त्यांना किनझांगचा दाखला देऊन ‘शेवटचा आलास तरी चालेल’ असे मी सांगणार नाही. परीक्षेत शेवटी आल्याने चालत नाही आणि घरची वाट पाहणारी माणसे टाळ्यांवर जगत नाहीत. मला तिच्या चार तासांपेक्षा त्याआधीच्या तयारीत रस आहे. डोंगरात राहणाऱ्या मुलीला सपाट रस्त्यावरच्या वेगाचा सराव कोठे मिळाला, तिच्यासोबत प्रशिक्षक किती दिवस होता, परत गेल्यावर तिची पुढची सोय कोणी केली. कोणत्याही लहान देशाला आणि कोणत्याही वंचित समाजाला हेच प्रश्न विचारावे लागतात.

ऑलिम्पिक २०२८ मध्ये पुन्हा लॉस एंजेलिसला भरणार आहे. तिरंदाजीत कंपाउंड जातीच्या धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा त्यावेळी प्रथमच होईल. भूतानच्या गावोगावच्या सामन्यांत बांबूच्या जोडीला कंपाउंड धनुष्य बरेच रुळले आहे, त्यामुळे हे धनुष्य त्यांच्या हाताला परके नाही. पण गावातले ते सामने बहुतांशी पुरुषांचे असतात, आणि मिश्र जोडीत एक पुरुष व एक स्त्री लागते. तेव्हा पुरुष तिरंदाजाच्या तोडीची मुलगी त्यांना आतापासून तयार करावी लागेल, आणि निमंत्रणाची वाट न पाहता पात्रता स्पर्धेत उतरावे लागेल.